डोकं आत बसलं पाहिजे

काउंटरबोर हा शब्द मी शिकले तो एका साडीपायी. कारखान्यात नुसतं ‘काउंटर मारा’ म्हणतात. आधी बोल्टाच्या दांड्याएवढं आरपार भोक पाडायचं. मग त्याच भोकाच्या तोंडाशी बोल्टाच्या डोक्याएवढा रुंद, सपाट तळाचा खड्डा करायचा. बोल्ट आवळला की डोकं खड्ड्यात गुडूप, आणि वरून हात फिरवला तर कुठं काही लागत नाही. एवढं सोपं. पण लग्न होऊन दीड-दोन वर्षं झालेल्या, स्वतःला लई हुशार समजणाऱ्या एका बाईला हे कोण सांगणार? ती बाई म्हणजे मीच. आज भेटली तर तिचा कान धरीन म्हणते.

माझं माहेर खानापूरकडचं, भाताच्या शेतीतलं. सासर वडगावात, दारात पाऊल टाकलं की मागाचा खडखडाट. वर्षभरात मला वाटायला लागलं, मागातलं आता आपल्याला सगळं कळतं. त्या तोऱ्यात माहेरी जाऊन सांगून आले, “धाकटीच्या लग्नाची साडी आमच्या मागावरची. साडी घ्यायला खडेबाजारात कुणी जाऊ नका.” आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विश्वास ठेवला. बिचारे.

साडी लावायची वेळ आली आणि मागाची पुढची पट्टी खराब निघाली. विणलेलं कापड या पट्टीवरून घसरत खालच्या रुळावर गुंडाळलं जातं. तिच्यावर चरे पडलेले. आमच्या ह्यांनी नवी लोखंडी पट्टी आणली आणि “निपाणीस्नं आल्यावर बसवतो, हात लावू नको” असं बजावून ते गेले. हात लावू नको म्हटल्यावर मी काय करणार? मागच्या सोप्यात त्यांचं छोटं ड्रिल मशीन होतं. बारीक भोकं पाडली. बोल्टाची डोकी वर दिसायला लागली, तेव्हा जाड ड्रिल लावून तोंडं मोठी केली. आपल्या अकलेवर आपणच खूश.

आता ड्रिलचं टोक असतं निमुळतं. त्यामुळं खड्ड्याचा तळ झाला नरसाळ्यासारखा. बोल्टाच्या डोक्याचं सपाट बूड त्या उतारावर नीट टेकेना. बाकीचे कसेबसे आत गेले, एक मात्र तिरका बसला आणि त्याची कडा तांदळाच्या दाण्याएवढी वर राहिली.

आमच्या सासूबाईंची एक रीत होती. मागाला नवं काही बसवलं की त्या कापसाचा पुंजका घेऊन त्यावरून फिरवायच्या. एक तंतू जरी अडकला तरी माग चालू करायचा नाही. कापूस अडकला ती जागा रेशीम फाडणार, हा त्यांचा हिशेब. हे मला ठाऊक होतं. म्हणून मी देवघरातली मेणबत्ती आणली आणि त्या कडेवर मेण असं घासलं, असं घासलं की डोकं गुळगुळीत! सासूबाईंचा कापूस सुळ्ळकन घसरला.

“कुणी बसवली गं?”

“मीच, आत्याबाई.”

“व्हय? बरं हाय की,” म्हणाल्या त्या. मी मोरासारखी फुलले.

बीमवर, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या मागच्या रुळावर, शेवटच्या एका साडीपुरतेच धागे उरले होते, जांभळे. माग चालू केला. वीतभर कापड पुढं सरकलं तोवर मेण खरवडून निघालं, रेशमाला लागलं, आणि त्या उघड्या कडेनं धागे ओढायला सुरुवात केली. सासूबाईंनी धावत येऊन बटण बंद केलं. बोटानं डाग चोळून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

“देवाची मेणबत्ती मागाला दाखवलीस व्हय गं?”

मी रडायला बसले. दुसरे धागे नाहीत, लग्न तोंडावर, आणि आप्पा निवांत! सासूबाई म्हणाल्या, “रडून रेशीम सरळ हुतंय काय? उठ, बोल्ट सोड.”

दुसऱ्या दिवशी हे आले. स्कूटरवर मागं मी, मांडीवर आडवी पट्टी, अशी आमची वरात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात गेली. समोरून येणारा प्रत्येक सायकलवाला वाकडा होऊन मला शिव्या देत होता. तिथल्या मेस्त्रीनं माझे खड्डे बघून विचारलं, “वैनी, ही भोकं पाडलीसा का उंदरानं कोरलीत?” आमचे हे मोठ्यानं हसले. त्यांना हसायचं काय कारण होतं?

मेस्त्रीनं वेगळंच हत्यार लावलं. त्याच्या पुढं नाकासारखा गोल दांडा. तो बारीक भोकात शिरतो आणि हत्यार जागचं हलू देत नाही. मागची धार सपाट तळ कापते. “स्वल्प थांबा,” म्हणत त्यानं एकेक खड्डा सरळ केला. बोल्ट टाकला, आवळला. डोकं आत! मी सगळ्यांवरून तीनदा हात फिरवून बघितला.

घरी पट्टी बसवली. सासूबाईंनी आधी रॉकेलचा बोळा घेऊन प्रत्येक डोकं पुसलं, माझ्याकडं बघत बघत. मग कापूस फिरवला. तंतूसुद्धा अडकला नाही. साडी लग्नाच्या आदल्या दिवशी मागावरून उतरली. खराब वीत सुरुवातीचीच होती, ती नेसताना कमरेला खोचली जाते. लग्नात सासूबाईंनी स्वतः धाकटीला साडी नेसवली, ते टोक खोल आत खोचलं आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. मी समजले, आशीर्वाद देत असतील.

गेल्या महिन्यात धाकटीच्या नातीचा साखरपुडा झाला, उचगावात. पोरीनं हट्टानं तीच जांभळी साडी मागितली. घडी उलगडताना ओढलेले धागे तिला दिसले.

“हे काय गं आज्जी?”

मी घाईघाईनं म्हणाले, “जुनं रेशीम असंच असतंय.”

धाकटी खो खो हसत सुटली. “आक्का, पुरे कर! आत्याबाईंनी तवाच माझ्या कानात सांगितलंतं. ‘तुझ्या भनीचं मेण हाय, आत खोच आणि मी सांगितलं ते तिला कळू देऊ नको.’”

म्हणजे इतकी वर्षं हिला सगळं ठाऊक होतं! मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पोरीला साडी नेसवायला बसले. ते टोक मीच खोचलं, चांगलं खोल.