आईच्या गुडघ्याचा फोन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता माझा मलाच वैताग आलाय, म्हणून.

आधी तेलाचं सांगतो. — नाही, टाळत नाहीये. तेलाशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या आईचे आजोबा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. म्हणजे घोड्याचा खरारा करायचा, त्याला फिरवायचं, त्याच्याच तबेल्यात झोपायचं. इंग्रजांचा काळ. मालक गोरा साहेब, रेसचा हंगाम आला की मुंबईहून यायचा. घोड्यांच्या पायांना चोळायचं तेल आजोबा स्वतः उकळायचे — मोहरीचं तेल, कापूर, ओवा, टर्पेंटाइन. साहेबाला गुडघेदुखी होती. ब्रँडी घेऊन झाली, बाटलीतलं विलायती पाणी पिऊन झालं, जळवा लावून झाल्या. शेवटी तो घोड्याचंच तेल चोळून घ्यायला लागला आणि म्हणे टुणटुणीत झाला. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल? जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर, पाहुणे गेल्यावर पुन्हा.

आणखी एक गोष्ट होती. एकदा घोड्याने आजोबांच्या पावलावर पाय दिला. हाड मोडलं. घोड्यांचा डॉक्टर धावत आला, खाली बसला — आणि घोड्याचा खूर तपासायला लागला. आजोबांच्या वाट्याला बाटलीच्या तळाशी उरलेलं तेल आलं. आई हे हसत हसत सांगायची. मीही हसायचो.

बाबा गेल्यावर आईला मी इकडे कॅनडात, विनिपेगला आणलं. तिच्यासोबत तेलही आलं. माझ्या बेसमेंटमध्ये ती ते शेगडीवर उकळायची, धुराचा अलार्म ठणाणा करायचा, आणि मी वरून धावत जाऊन टॉवेल फडकवायचो. घरभर तो वास. माझ्या जॅकेटला वास. ऑफिसात एकाने विचारलं, घराला रंग देताय का? मग त्या फ्लॅनेलच्या पट्ट्या — खालून वर गुंडाळत न्यायच्या, आणि दोन्ही पायांना. तिचा उजवा गुडघा दुखायचा, पण घोड्याच्या एका पायाला कधी पट्टी बांधत नाहीत, असं आजोबांनी शिकवलेलं. जोडीदार पायावर जास्त भार येतो, त्याला आधीच आधार द्यायचा. दुखत नसलेल्या पायाचीसुद्धा एवढी काळजी! मी चिडायचो. तिच्यावर, पट्ट्यांवर, त्या साहेबावर, सगळ्यांवर.

आमच्या शहराच्या पश्चिमेला रेसकोर्स आहे. पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला तिथे नेलं. वरच्या बाकांवरून घोडे लांब दिसतात, नुसते पळताना. तिला ते नको होतं. रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात तिथल्या कठड्याशी तिला जायचं होतं, त्यांचे पाय जवळून बघायला. आजोबांनी तिला लहानपणी पाय बघूनच घोडा ओळखायला शिकवलं होतं. पण पायऱ्या उतरून, गर्दीतून तिथवर जाणं तिला जमेना. अर्ध्यावर थांबली, कपाळावर घाम. “राहू दे,” म्हणाली. “गुडघा झाला की येऊ. मग मी तुझ्या पुढे चालेन.”

गुडघा झाला की. या तीन शब्दांवर तिने पुढची वर्षं काढली.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि ती वेटिंग लिस्टवर गेली. वर्ष उलटलं. संपर्कासाठी माझा नंबर दिला होता, कारण फोनवरचं इंग्रजी तिला समजायचं नाही. दर काही दिवसांनी विचारायची, “फोन आला का रे?” नाही आला, मी सांगायचो. तेव्हा ते खरं होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मी या विषयावर फार बोलायचो. कॅनडात माणूस वाट बघून मरेल, पण नंबर लागायचा नाही, वगैरे. लोक माना डोलवायचे. एक मित्र तर अजून मलाच पुढे करतो — “ह्याला विचारा, ह्याच्या आईला वेळेत कॉलच आला नाही! सिस्टिमच ब्रोकन आहे.” मी गप्प बसतो. लोकांना वाटतं, दुःखाने.

कॉल आला होता.

जानेवारीतली सकाळ होती, मी ड्राइव्हवेमध्ये गाडीची काच खरवडत होतो. हातमोजा दाताने ओढून फोन घेतला. हॉस्पिटलमधल्या बाई होत्या, आवाज गोड. एका पेशंटने कॅन्सल केलंय, पुढच्या मंगळवारी जागा आहे, आईंना आणाल का? आणि मी म्हणालो — तिला चेस्ट इन्फेक्शन आहे, ताप आहे, जमणार नाही. एवढ्या सफाईने म्हणालो की क्षणभर मलाही वाटलं, आई आजारी आहे. त्या म्हणाल्या, अरेरे, मग पुढच्या वेळी बघू. मी थँक यू म्हणालो. खिडकीतून आई दिसत होती. टोस्टला लोणी लावत होती, ठणठणीत.

का? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला. आधी म्हणायचो, सुट्टी नव्हती. खोटं, भरपूर होती. मग म्हणायचो, बायको इथे नव्हती. हे खरं, ती तिच्या वडिलांच्या आजारपणात नाशिकला गेली होती, त्यांचं सगळं करत होती. म्हणजे घरात मी आणि आई. ऑपरेशननंतर सहा आठवडे तिला उठवायचं, टॉयलेटला न्यायचं, आंघोळ घालायची, व्यायाम करून घ्यायचा, आणि तेल उकळण्यावरून रोज वाद घालायचा. मुलाने आईला आंघोळ कशी घालायची, म्हणून संकोच वाटला — असंही स्वतःला सांगून पाहिलं. जरा बरं दिसतं ते. पण तेही नव्हे. मला कंटाळा आला. बस. उभ्या उभ्या, थंडीत, त्या सहा आठवड्यांचा कंटाळा आला. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं ना?

संध्याकाळी तिने नेहमीसारखं विचारलं, “फोन आला का रे?”

“नाही आला.”

आणि मग मी काय केलं असेल? तेलाची बाटली आणली. म्हणालो, आण इकडे पाय, मी चोळतो. ती इतकी आनंदली! ज्या तेलाला मी नाकं मुरडत होतो, त्याचे गोडवे गायला लागलो. आजोबांच्या हाताला गुण होता गं, सूज उतरलेली दिसतेय, साहेब नाही का बरा झाला! तिने ऑपरेशनचं विचारू नये, म्हणून मी तिच्या आजोबांना कामाला लावलं. आणि तिचा विश्वास बसला. विचारणं कमी झालं. सहा आठवड्यांचा ज्याने कंटाळा केला, तो माणूस पुढे चार वर्षं रोज संध्याकाळी खाली बसून तेल चोळत होता. खालून वर पट्ट्या गुंडाळत होता. दोन्ही पायांना. या मूर्खपणाला काय म्हणायचं? आई माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर सांगायची, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी कॅमेऱ्याबाहेर सरकायचो.

पुढचं बोलावणं आलं ते सव्वा वर्षाने. तोवर तिचं हृदय थकलं होतं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता भूल झेपायची नाही. वर्षभरापूर्वी आला असतात तर, असंही एक जण बोलून गेले. आईने मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हणालो, तेलच चालू ठेवा म्हणतायत. ती हसली. बघ, म्हणाली, मी सांगत नव्हते?

नंतर व्हीलचेअर आली. एका उन्हाळ्यात मी तिला पुन्हा रेसकोर्सवर नेलं, या वेळी रॅम्पवरून थेट त्या कठड्याशी. खुर्चीत बसल्यावर कठड्याची वरची दांडी नेमकी तिच्या डोळ्यांसमोर यायची. मान वर करून बघितलं तर वरचे जॉकी दिसत, मान खाली घातली तर दांडीखालून पाय. अख्खा घोडा काही दिसेना. मी खुर्ची इकडे हलवली, तिकडे हलवली, चिडून एका माणसाला बाजूला व्हायला सांगितलं. आई म्हणाली, “असू दे रे. पायच बघायचे असतात.” आणि वाकून, दांडीखालून, एकेक घोड्याचे पाय बघत बसली. एका काळ्या घोड्याकडे बोट दाखवून म्हणाली, ह्याचा डावा दुखतोय, ह्याला पळवू नका म्हणावं. मला तर काहीच दिसलं नाही. रेसमध्ये तो मागे मागे राहत शेवटी आला. कुणाला सांगायचं होतं?

तिला जाऊन दोन हिवाळे झाले. शेवटच्या आठवड्यातही तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, तुझ्यासारखं कुणी केलं नसतं. तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पाणी हवंय का, असं विचारलं.

आता माझाच उजवा गुडघा गेलाय. लिस्टवर नाव घातलं, पाच महिने झाले. बायकोने आधीच सुट्टी मागून ठेवलीय, बाथरूममध्ये माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलंय. गेल्या गुरुवारी सकाळी फोन वाजला. हॉस्पिटलमधल्या बाई होत्या, आवाज तसाच गोड. एका पेशंटने कॅन्सल केलंय, पुढच्या मंगळवारी जागा आहे, इतक्या कमी वेळात —

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून टाकलं होतं.