टेबलावरचा रूफोचा गोल

बर्नादिना ट्रॉम्पला अख्खं सॅन निकोलास गाव दिना म्हणतं. बाई फटकळ. तोंडावर बोलणार आणि बोलून झालं की विसरणार. पण एकदा कुणाला आपलं म्हटलं की त्याच्यासाठी कुणाच्याही अंगावर जाणार. रूफो केलीला तिनं आपलं म्हटलं ते कसिनोत नवीन लागली तेव्हा. पत्ते पिसताना अर्धे जमिनीवर पाडायची. बाकीचे खिदळायचे. रूफोनं तिला बाजूला नेऊन शिकवलं, हसला नाही. बस, तेवढ्यावर ही बाई जन्माची बांधली गेली.

दोघं डीलर, म्हणजे पत्ते वाटणारे. समुद्रावरच्या हॉटेलातल्या कसिनोत एकाच टेबलावर आलटूनपालटून उभे राहायचे. टेबल सोडताना टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, की बाबा, काही चोरलं नाही. दिनाच्या हाताला ते इतकं बसलेलं की घरी भांडी घासून झाली तरी टाळी वाजवून तळवे दाखवायची. नवरा म्हणायचा, "जा बाई, चमचे मोजलेत मी."

खेळ पाच पानांचा. आधी पैसे लावायचे, मग प्रत्येकाला पाच पानं. डीलरलाही पाच, त्यातलं एकच उघडं. आपली पानं बघून एक तर पत्ते टाकून द्यायचे, नाही तर आणखी दुप्पट लावायचे. मग डीलर आपली पानं उलटतो. एक्का आणि राजा किंवा त्याहून बरं काही निघालं तर डीलर उघडला. उघडला की चांगल्या पानांना घसघशीत पैसे. पण डीलरकडे तेवढंही नसलं तर डीलर बंद. मग तुझ्या हातात सोनं असू दे, पहिल्या छोट्या रकमेवर मिळेल तेवढंच तुझं. दुप्पट लावलेलं आलं तसं परत. म्हणून चांगली पानं आली की माणसं टेबलाची कड थोपटत ओरडतात, "उघड! उघड!"

एकदा शॉन मेची आली. गावातली म्हातारी. चर्चची टोपी घालूनच यायची, कधीमधी, थोडंसं खेळून जायची. तिला चार राण्या आल्या. चार! अशी पानं माणसाला आयुष्यात एकदा आली तरी पुष्कळ. डीलर होता रूफो. त्यानं आपली पानं उलटली, तर नुसता कचरा. बंद. म्हातारीला चार चिप्स दिल्या आणि राण्या गोळा करायला हात पुढे केला, तर तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. डीलरला हात लावायचा नाही, सुपरवायझर लगेच ओरडला. म्हातारी म्हणाली, "तुझा काय दोष रे बाळा." आणि उठून गेली.

रूफोला ते सोसलंच नाही. शिवी दिली असती तर विसरला असता.

"दिने," तो म्हणाला, "त्या बाईला चार राण्या आल्या होत्या हे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी उचलून टाकल्या."

"मग काय फ्रेम करून द्यायच्या होत्यास?"

"हसू नको. यावर काहीतरी करायचं."

आणि खरंच करायला लागला. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच्या ओसरीवर दोघं बसायची. आपल्याकडचा वारा, पत्ते कुठले टिकतात, प्रत्येक पानावर शिंपला ठेवायचा. पैशांच्या जागी सुके घेवडे. रूफोनं शोधलं ते असं: प्रत्येक खेळाडूसमोर टेबलाच्या कापडावर आणखी एक छोटा गोल काढायचा. पानं वाटायच्या आधी त्यात एखादी चिप ठेवायची, मर्जी असेल तर. डीलर बंद निघाला आणि तुझी पानं चांगली असली, तर त्या गोलाचे पैसे तुला तुझ्या पानांच्या तोलानं. चार राण्यांना चार राण्यांसारखे. मेहनत किती? कुठल्या पानांना किती द्यायचे यावर दोघांची भांडणं व्हायची, घेवडे अंगणात उडायचे, कोंबड्या टिपायच्या. रूफोची बायको एल्विरा आतून ओरडायची, "उद्याचं जेवण जुगारात घालवू नका रे!"

शेवटी दिनानंच ते सगळं मॅनेजर वर्नेटच्या टेबलावर नेऊन आदळलं. त्यानं परदेशात हिशोब तपासायला पाठवलं. उत्तर यायच्या आत रूफोची उजवी बाजू गेली. सकाळी दाढी करता करता पडला. जीभ जड झाली, उजवा हात मांडीवर नुसता पडून. डीलरचा उजवा हात गेला म्हणजे सगळंच गेलं की.

उत्तर आलं, हिशोब बसतोय. वर्नेट म्हणाला, एका टेबलावर महिनाभर लावून बघू. दिनानं हट्ट धरला की गोलात रूफोचं नाव छापायचं. छापलं. त्या दिवसापासून ती ओसरीवर गेली की रूफो एकच विचारायचा. जड जिभेनं, पण विचारायचाच. "आहे का अजून?"

"आहे."

एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. डॉक्टरच्या गोळ्या तो फेकून द्यायचा, एल्विरा सांगायची. पण गोल आहे म्हटलं की जेवायचा.

आणि गोल चालत नव्हता.

दिना त्या टेबलावर उभी राहून रोज बघत होती. आधी सगळं टेबल एका सुरात ओरडायचं. आता कडेला बसलेला व्हेनेझुएलाचा माणूस गोलात चिप टाकून म्हणायचा, "बंद! बंद राहा!" आणि त्याच्या शेजारच्या बाईनं गोल लावलेला नसायचा, पानं मात्र चांगली, ती ओरडायची, "उघड!" मग दोघं एकमेकांकडे बघायचे. एकदा बाई म्हणाली, "माझ्या नशिबावर थुंकायला बसलाय का रे इथं?" तो म्हणाला, "मावशी, तुझं नशीब तुझ्याजवळ ठेव, माझ्या कानात ओरडू नको." दिनानं पानं उलटली. बंद. त्याला पैसे, बाईला चिल्लर. ती उठली, पुन्हा त्या टेबलावर बसली नाही. हळूहळू लोक गप्प खेळायला लागले. कसिनोतलं गप्प टेबल म्हणजे मेलेलं टेबल.

चूक कुठं झाली ते दिनाच्या तेव्हा डोक्यात शिरलं. कामगारानं खेळायचं नाही, हा नियम. ती आणि रूफो जन्मात कधी टेबलाच्या त्या बाजूला बसले नव्हते. ओसरीवर एक वाटणार, एक खेळणार, एवढंच. एका खेळाडूला शेजारी नसतो. शेजारी काय करतो हे दोन डीलरना कुठून कळणार?

वर्नेटनं तिला बोलावलं. "दिना, महिना संपतोय. कापड बदलतो मी."

"थांबा. मी दुरुस्त केलंय ते."

"काय केलंय?"

"गोल प्रत्येकाचा वेगळा, पण मोजायचं मात्र सगळ्यांचं मिळून. डीलर बंद निघाला की टेबलावरची सगळ्यांत भारी पानं कुणाची ते बघायचं. त्या पानांच्या तोलानं गोल लावलेल्या सगळ्यांना पैसे. मग शेजाऱ्याची चांगली पानं म्हणजे माझीच, गोल सगळेच लावतील. सगळे एकाच बाजूला ओरडतील."

वर्नेट खुर्चीत मागे टेकला. "हे बरंय. तपासायला पाठवतो. पण कल्पना रूफोची. तो हो म्हणाला तर. नाही तर कापड जाईल."

दिना रविवारी ओसरीवर गेली आणि आडून-आडून न सांगता म्हणाली, "गोल मरतोय, म्हाताऱ्या." आणि सगळं सांगितलं.

रूफोनं ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं टेबलावरचा शिंपला ढकलला. "नाही."

"ऐक तरी."

"नाही. चार राण्या ज्याच्या, हक्क त्याचा. हातात कचरा त्याला का?"

"मग गोल जाईल."

"जाऊ दे."

"तू जेवायचा थांबशील आणि एल्विरा माझ्या नावानं बोंबलेल, त्याचं काय?"

दिना उठली. चुलीवर माशाचं कालवण उकळत होतं, तिथून एल्विराला ओढून आणलं. शेजारचा चेलो जाळं शिवत होता, त्याला हाक मारली. त्याची सासू पडवीत डुलक्या काढत होती, तिलाही उठवलं. म्हातारी म्हणाली, "कुणी मेलं का?" दिना म्हणाली, "अजून नाही, बसा." रूफोला तिनं त्यांच्या ओळीत बसवलं, खेळाडू म्हणून. आणि ती समोर उभी राहिली.

पहिले डाव रूफोच्या नियमानं. एल्विरानं घेवडे वाचवायला गोल लावला नाही आणि तिला लागोपाठच्या आकड्यांची पाच पानं आली. चेलोनं गोल लावलेला, त्याला तीन नव्व्या. दिनानं पानं उलटली, बंद. चेलो घेवडे ओढत हसला. एल्विरा म्हणाली, "ह्याचे दात बघा. माझी पाच पानं मातीत गेली आणि हा दात काढतोय." मग ती त्याच्याशी बोलेचना. पुढच्या दोन डावांत तेच. रूफो आपल्या पानांकडे बघत नव्हता, आजूबाजूला बघत होता.

"आता माझ्या नियमानं," दिना म्हणाली.

सगळ्यांनी गोलात घेवडे टाकले. बरेच डाव डीलर उघडत राहिला आणि सगळे मिळून दिनाला शिव्या घालत राहिले. मग एकदा तिची पानं निघाली, बंद. "कुणाकडे? कुणाकडे काय?" चेलो उठून उभाच राहिला. सासूबाईंनी पानं उघडी टाकली, तीन गुलाम आणि दोन सत्त्या. चेलोनं सासूच्या पाठीवर थाप मारली. लग्न झाल्यापासून मारली नसेल. एल्विरानं टेबल बडवलं, शिंपले उडाले, पत्ते अंगणात गेले. दिनानं घेवडे वाटले. रूफोपुढेही ढीग ठेवला. त्याच्याकडे साधी जोडीसुद्धा नव्हती.

रूफोनं ढीग परत सरकवला.

"हे तिचे."

"तिलाही दिलेत की."

"सगळ्यांसारखे दिलेत. पानं तिची होती." त्याच्या तोंडातून शब्द सावकाश यायचे, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकावेच लागले. "मी इतकी वर्षं समोर उभा होतो. मला वाटायचं सगळे माझ्याकडे बघतायत. ते एकमेकांकडे बघत असतात गं. हे मला माहीत नव्हतं." श्वास घेतला. "तुझं बरोबर आहे. लाव. पण जिची पानं, तिला पहिलं दे. पानांचं नाव घे. सगळ्यांना ऐकू येऊ दे. मग बाकीच्यांना."

"पैसे जास्त नकोत तिला?"

"पैसे नकोत. पहिलं दे."

दिना सोमवारी वर्नेटपुढे उभी राहिली. तो म्हणाला, "नाव घ्यायला हरकत नाही. पण पैसे द्यायचे डीलरच्या उजवीकडून डावीकडे. मधेच उडी मारलीस तर वरची कॅमेऱ्यावाली माणसं माझा जीव घेतील."

"मग कापड काढा."

"दिना, अगं चालणारी गोष्ट आहे ही. एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढ्याशा गोष्टीसाठीच तर रूफोनं हा गोल काढला. बाकीचं माझं आहे, ते मी फेकून देईन. त्याचं तेवढंच उरलंय, ते देणार नाही."

वर्नेटनं पेन टेबलावर आपटलं. उठून खिडकीपाशी गेला, परत आला. एरवी तो माणूस वाईट नव्हता. दिना हलली नाही. हातही खाली घेतले नाहीत, कमरेवर तसेच.

"पैसे ओळीनंच," तो शेवटी म्हणाला. "पण ती पाच पानं आधी मधोमध उघडी मांड. नाव घे. सगळ्यांचे पैसे देऊन होईपर्यंत ती उचलायची नाहीत. सगळ्यांत शेवटी उचल."

"विचारून सांगते," दिना म्हणाली. हे घ्यायचं की नाही ते तिच्या हातात नव्हतं.

दुपारी ओसरीवर तिनं सांगितलं. रूफोनं विचारलं, "शेवटी उचलायची?"

"शेवटी. सगळं टेबल बघत बसेल."

त्यानं डाव्या हातानं शिंपला जवळ ओढला. मग होकाराची मान हलवली.

तपासणी होऊन आली, नवं कापड घातलं. गोलात नाव तेच. पहिल्या आठवड्यात बाकीचे डीलर सवयीनं पानं लगेच गोळा करायला जायचे. दिना मागे उभी राहून त्यांच्या मनगटावर बोटं मारायची. "थांब. पडू दे. लोकांना बघू दे."

मग एका संध्याकाळी कोलंबियाची एक पोरगी खेळायला आली. दुसऱ्या हॉटेलात खोल्या झाडायची, सुट्टीवर होती. दिना वाटत होती. डीलर बंद. पोरीची पाचही पानं बदामाची. दिनानं ती मधोमध मांडली, मोठ्यानं नाव घेतलं आणि उजवीकडून पैसे द्यायला लागली. टेबल गर्जत होतं. पोरीपुढे चिप्स आल्या तरी तिनं हात लावला नाही. पानांकडेच बघत राहिली. दिनानं शेवटच्या माणसाचे पैसे दिले, मग पोरीकडे बघितलं. पोरीनं मान हलवली, तेव्हा पानं उचलली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरीचं सांगितलं, तेव्हा रूफोनं "आहे का अजून?" असं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "पानं कुठली होती?"

"एक्का, दश्शी, अठ्ठी, पंजी, दुर्री. सगळी बदाम."

रूफोनं पत्त्यांचा जोड आपल्याकडे ओढला. डाव्या हातानं एक एक पान शोधायला लागला. वाऱ्यानं दोनदा उडवलं, दिना मदतीला वाकली तर त्यानं तिचा हात बाजूला केला. एक्का सापडला. त्यावर शिंपला ठेवला. मग दश्शी शोधायला लागला.