टाकीतली नीळ

रोज सकाळी गच्चीवरची टाकी चार बोटं उतरलेली असायची. सगळे नळ घट्ट बंद, भिंतींना कुठं ओल नाही. शेवटी प्लंबरनं टाकीत कपड्यांची नीळ कालवली. "आता निळं पाणी कुठं निघतं ते शोधा," म्हणाला.

निघालं ते लेकीच्या बाथरूममध्ये. ती तापानं गेली, तेव्हापासून ती खोली आम्ही उघडलीच नव्हती. कमोडमध्ये निळी धार आवाज न करता उतरत होती. घरातलं काय उणं होतंय, हे इतके दिवस आम्ही भलतीकडेच शोधत होतो.

"इथं कुणी राहत नाही ना? कॉक बंद करून टाकतो," प्लंबर म्हणाला.

"नको," बायको म्हणाली. "वाहू दे."

मी पंप लावायला गेलो.