चिंचोक्याची खळ

लवळ्याच्या एका दवाखान्यात मी मलमपट्टी करते. एक धनगरबाबा तिथं एकदाच आले. घोंगडी खांद्यावर न घेता काखेत धरली होती, आणि खुर्ची दिली तरी बसेनात.

सदरा काढला तर पाठभर फोड, वर तपकिरी कडक थर. "हे काय लावलंय?" मी जरा चिडूनच विचारलं.

"खळ. चिंचोक्याची. म्हातारी रोज लावती."

घोंगडीचं विणकाम घट्ट बसावं म्हणून तिला ही खळ देतात. तीच पाठीला दिली होती. मी थर भिजवून हलकेच उचलला, तर त्याबरोबर कातडीही आली. बाबांनी घोंगडी आवळून धरली.

डॉक्टरांनी तपासून मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. मी सोपं करून सांगितलं, "बाबा, कातडीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. रोगाशी लढणारी आपलीच ताकद उलटली, की ती पकड तोडते."

"म्हंजी भाईरचं कोण न्हाई," ते म्हणाले. "माझंच मला उसवतंय."

मी पट्टी बांधत राहिले. सदरा चढवताना ते हळूच म्हणाले, "कातडी निघाली त्ये म्हातारीला सांगू नगा."

म्हातारी बाहेर पायरीवर बसली होती. तिच्या नखांत वाळलेली खळ होती. मला बघून उठली.

"बाई, खळीनं जरा धरलंय न्हवं?"

"धरलंय," मी म्हणाले.