रिकामी फिरणारी पोरगी

“हिच्या हृदयात भोक आहे,” सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. आईनं झटकन माझा दंड धरून मला मागं ओढलं. ते भोक डॉक्टरांनीच पाडलंय असं वाटलं असावं बिचारीला.

मी तेव्हा नववीत होते. कर्नाटकातल्या आळंदपासून जवळच आमचं गाव. शाळेत कवायतीला मला दम लागायचा, ओठ पांढरे पडायचे आणि मास्तर म्हणायचे आळशी. आजाराचं नाव एएसडी, म्हणजे एट्रियल सेप्टल डिफेक्ट. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासूनच भोक असतं. टू-डी एको केला की, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली की ते यंत्राच्या पडद्यावर दिसतं. मला दिसलं तेव्हा भीती कमी आणि राग जास्त आला. आळशी म्हणे!

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. छातीचं हाड उघडून भोक बुजवलं. नंतर आयसीयूत स्पायरोमीटर नावाचं एक खेळणं हातात दिलं. नळीतून श्वास आत ओढला की त्यातले गोळे वर चढतात, फुप्फुसं मोकळी होतात. ओढताना ब्रह्मांड आठवायचं. बाहेर अप्पा, माझे वडील, घोंगडी अंथरून बसलेले. नर्स दिसली की उठून उभे राहायचे.

हाड जुळेपर्यंत वजन उचलायचं नाही, सायकल नाही. ते सगळं मी पाळलं. पावसाळ्यानंतर तपासणीला गेलो. एको चांगला आला. ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढतात, तीही चांगली आली. डॉक्टर अप्पांना म्हणाले, “आता हिला बसवून ठेवलंत तर तुम्हीच नवा आजार लावाल.”

तिथं माझ्यासारख्या पोरापोरींना व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. आधी हातपाय मोकळे करायचे, मग रोज भरभर चालायचं, शेवटी वेग हळूहळू उतरवायचा. त्यांनी टॉक टेस्ट शिकवली: चालताना बोलता आलं तर ठीक, बोलणं तुटायला लागलं तर वेग कमी कर. आणि छातीत दुखलं, गरगरलं तर थांब, हट्ट करू नकोस.

शिकले खरी, पण गावात चालायचं कसं? आमच्याकडं काम असल्याशिवाय वयात आलेली पोरगी रस्त्यानं चालत न्हाई. पहिल्याच दिवशी बैलगाडी थांबली. “कुठं जायलीस गं?” कुठंच न्हाई म्हटल्यावर गाडीवाल्या काकांनी मला उचलून गाडीत बसवलं आणि घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं आणलं, नंतर शेजारच्या अक्कानं हाताला धरून. “भोकाची लेक तुमची, वाटंवर सापडली. कामून सोडता एकलीला?” मी काय हरवलेलं कोकरू होते? जो तो मला वाचवून पुण्य कमवायला लागला!

कोकरावरनंच सुचलं. आमची थोडी मेंढरं होती. मी काठी घेतली आणि कळपामागं निघाले. मेंढरांमागच्या माणसाला कुठं निघालीस म्हणून कोण विचारतंय? माळाच्या चढावर मेंढरांना मोठ्यानं शिव्या देत चालायची. टॉक टेस्ट तीच. हिवाळ्यापर्यंत तो चढ न थांबता चढू लागले.

मग आली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. या दिवशी अख्खं घर भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, भाकरी आणि ताकातल्या आंबिलाचं मडकं घेऊन शेतात जेवायला जातं. मी म्हटलं, मडकं मी नेणार. आई रडायला लागली. अप्पा म्हणाले, “बाई, हट्ट करू नको.” म्हटलं, “डॉक्टरांनी वजनाची परवानगी दिलीय. तुम्ही कवा देणार? का जन्मभर मला खाटेवर पुजणार?”

शेवटी अप्पांनीच फडक्याची चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर मडकं चढवलं.

वाटेनं ते दोन्ही हात पसरून माझ्या बाजूनं चालत होते. मान दुखली, पण दम लागला न्हाई. शेताच्या बांधावर मात्र पाय अडखळला आणि थोडं आंबील अप्पांच्या नव्या पटक्यावर सांडलं.

“डोळे फुटले का गं तुझे? एवढा बांध दिसंना व्हय?” अप्पा ओरडले.

आई जागीच थिजली. हिला धक्का बसू देऊ नका, असं कुणीतरी सांगितल्यापासून घरात माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. दादाला रोज शिव्या बसायच्या, मला गोड बोलणं. त्या गोड बोलण्याचा मला किती वीट आला होता, देवालाच ठाऊक.

तुमच्याही घरात असं लेकरू असेल तर प्रत्येकाचं हृदय वेगळं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी मोकळं केलं की तुम्हीही मोकळं करा. ज्यांनी माझं भोक बुजवलं, ज्यांनी चालायला शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरणार न्हाई. पण बरी झाले असं मला दवाखान्यात एकदाही वाटलं नव्हतं. त्या बांधावर, डोक्यावर मडकं घेऊन अप्पांच्या शिव्या खाताना वाटलं. मी एवढी हसले की अप्पा आणखी चिडले.