पुरचुंडीतलं मीठ

आमच्या ओट्यावर फौजेत जाणाऱ्या पोरांची रीघ लागलेली असायची. पनवेलच्या खाडीकाठचं आमचं गाव, घर मिठागरवाल्यांचं. पण बाबा मोठ्या लढाईत थेट ब्रह्मदेशापर्यंत जाऊन हवालदार होऊन परत आले होते, आणि आसपासच्या गावांत त्यांच्याएवढा फौजी दुसरा नव्हता. त्यामुळे भरतीत निवड झाली की पोरगा आधी देवाला नारळ द्यायचा आणि मग आमच्याकडे यायचा. नेऱ्याचे यायचे, आपट्याचे यायचे, विचुंब्याचा एकजण तर चुलत्याला बरोबर घेऊन आला होता. आय चहा ठेवायची, मी कपबशा विसळायची, आणि बाबांचं सुरू व्हायचं.

ते सगळं मला तोंडपाठ होतं. अजून आहे, काय करू!

"नवा बूट पान्यात भिजव, पायात घाल आनि पायातच सुकव. मंग तो तुझा झाला. ताटात पडंल ते गिळ, चव बघत बसलास तर शिट्टी व्हते. उस्तादाच्या डोल्यासमोर पयला येऊ नको आनि शेवटचाबी ऱ्हाऊ नको. पयल्याला काम लागतं, शेवटच्याला शिव्या. घरी कार्ड टाकशील त्यात खुशाल हाय एवढंच लिव. तिकडचं रडगानं इकडं धाडून आयचा जीव खाऊ नको."

पोरं माना डोलवायची. मग बाबा जरा पुढे सरकायचे आणि आवाज खाली आणायचे.

"आनि सिक परेडला उभं ऱ्हायाचं नाय."

सिक परेड म्हणजे आजारी पडलेल्यांची रांग. सकाळी ती वेगळी लागते आणि त्यातल्यांना डॉक्टरकडे नेतात. बाबांना त्या रांगेचा भारी तिटकारा. ते भरती झाले तेव्हा इतर पोरं त्यांना 'मीठवाला' म्हणून चिडवायची. ह्यांना टोपल्या उचलता येतात, ह्यांना बंदूक काय झेपणार, असं तोंडावर बोलायची. बाबांनी दात आवळून ते दिवस काढले, ताप अंगावर काढला, पण रांगेत उभे राहिले नाहीत. "आपला एक तिथं दिसला की मागनं येनाऱ्या समद्यांच्या नावानं खडे फोडतात," असं ते म्हणायचे. पोरांना ते फार पटायचं. मलाही पटायचं, खोटं कशाला बोलू. असा बाप आपला, म्हणून मी शाळेत मिरवायची.

आता पायांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिठागरात वहाण चालत नाही. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, त्यावर खाडीचं पाणी घ्यायचं, ते उन्हात आटलं की मीठ धरतं. सगळा खेळ अनवाणी. मिठाचे खडे काचेसारखे कापतात. पाय कापला की आमच्याकडे कोणी हाय-हुय करत नसे. तिथल्याच खाऱ्या पाण्यात पाय बुचकळायचा, जखमेत चिमूटभर मीठ दाबायचं, फडकं गुंडाळायचं आणि परत कामाला लागायचं. असं झोंबतं की बाप आठवतो. पण बरं होतं, मी स्वतः कितीदा केलंय. उघडा पाय, वरून ऊन, खाडीचा वारा, त्यात ते मीठ, जखम सुकून जायची. आय रात्री वरून कोकमाचं गोठलेलं तेल चोळायची. पायाच्या दुखण्याला आमच्यात दुखणंच म्हणत नसत.

माझा दादा त्या घरात वाढला. माझ्याहून मोठा, अंगानं सडपातळ, नको इतका आज्ञाधारक. मी फटकळ, सगळ्यांना उलट बोलणारी, आणि हा असा. आय म्हणायची, दोघांचं एकत्र कालवून अर्धं अर्धं वाटून द्यायला पाहिजे होतं. ओट्यावर बाबांचं बोलणं चाललं की हा खांबाला टेकून ऐकत राहायचा, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. अठरा पुरी झाली आणि हाही भरतीला उभा राहिला आणि निवडला गेला. बाबांनी गावभर पेढे वाटले. मी म्हटलं, "आता तरी त्याला उपदेश नको, त्याचा तो पाठ हाय." तर बाबांनी त्याला ओट्यावर बसवून परक्या पोरासारखं पहिल्यापासून सगळं सांगितलं. दादा परक्या पोरासारखाच मान डोलवत होता. आय आणि मी पदर तोंडात कोंबून हसत होतो.

निघायच्या दिवशी आयनं कोकमतेलाचा गोळा बांधून दिला. बाबांनी आमच्याच आगरातलं मीठ एका फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी ट्रंकेत ठेवली. "बूट चावला तर हे लाव. आपलं मीठ हाय, दुसऱ्या कशाची गरज पडनार नाय." पनवेलच्या एसटी स्टँडवर दादा गाडीच्या पायरीवरून मला म्हणाला, "माझ्या वाटचं उलट बोलायचं कामबी आता तूच कर." गाडी घाटाच्या रस्त्याला लागली आणि बाबा कडक सलाम ठोकून उभे राहिले. लोक बघत होते. मला लाज वाटली, आणि आतून बरंही वाटलं.

त्याची कार्डं यायची. मी वाचायची, आय पुन्हा वाचायला लावायची. खुशाल आहे, काळजी नसावी. सगळी तशीच, बाबांनी शिकवल्यासारखी. मग एकात जास्तीची ओळ आली. पाय ठीक आहे, मीठ लावतो.

आयचे तांदूळ निवडणारे हात थांबले. "पायाचं कोनी इचारलं व्हतं त्याला?"

"बूट चावला असंल," बाबा म्हणाले. "रंगरूटाला चावतोच. मीठ लावतोय म्हंजे बरा व्हनार."

"मी जाऊन बघून येते."

"खुळी का काय तू? आय भेटाया आली तर त्याला जल्मभर चिडवतील. हाय का नाय मीठवाला, म्हनतील."

आय त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विषय काढला, बाबा पुन्हा ओरडले. पुढचं कार्ड आलं त्यात पायाचं काही नव्हतं. बाबांनी ते आयच्या हातात देत म्हटलं, "बघ, बोल्लो नव्हतो?" तिला अक्षरओळख नव्हती. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि देवाच्या कोनाड्यात ठेवलं.

त्यानंतर आली ती तार. मुलगा आजारी, ताबडतोब या. आय लुगडं बदलून दारात येऊन उभी राहिली, पण बाबा एकटेच गेले. तिथंसुद्धा त्यांना आय नको होती. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना कधी क्षमा केली नाही, आणि करणारही नाही.

तिकडचं सगळं बाबांनी पुढे कित्येक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही आयला नाही, मला. दादाच्या टाचेला बुटानं फोड आणला होता. फुटला. त्यानं मीठ दाबलं, फडकं बांधलं आणि वर बूट चढवला. दिवसभर दौड, परेड, घाम. रात्री सोडायचं, मीठ दाबायचं, पुन्हा बांधायचं. घरी होत आलं तसं बरं होईल, ह्या भरवशावर. बंद बुटात ना ऊन ना वारा, जखम आतल्या आत सडत गेली. आम्हा कुणाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आमच्या सात पिढ्यांत बूट घातला कोणी होता? एक बाबांनी, आणि त्यांचं नशीब चांगलं होतं. पाय सुजून बुटात जाईना तेव्हा दादानं नाडी सोडून, पाय कोंबून परेड केली. लंगडतोस का, असं कवायत घेणाऱ्या उस्तादानं विचारलं तर म्हणाला, नाही, माझी चालच अशी. शेवटी मैदानावर पडला. तोवर विष रक्तात गेलं होतं.

बाबा पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. अंगात ताप फणफणत होता. त्यानं उठून बसायची धडपड केली. डॉक्टर बाबांना म्हणाले, "अहो, फोड आला त्याच दिवशी हा माझ्याकडे आला असता तर नुसती पट्टी लावून पाठवला असता. ह्याला असं कोणी सांगितलं होतं, लपवायचं म्हणून?" मग दादानं त्यांचा हात धरला आणि हसून, अगदी हसून म्हणाला, "बाबा, मी एकदाबी सिक परेडला उभा ऱ्हायलो नाय."

शाबासकी मागत होता हो तो. बाबा म्हणाले, "शाबास." दुसरं काय म्हणणार होते? तो रात्रीतून गेला.

त्याला तिकडंच अग्नी देऊन बाबा ट्रंक घेऊन एकटेच परत आले. आयनं ती उघडली. इस्त्रीचे कपडे, पॉलिशची डबी, कोकमतेलाचा गोळा जवळजवळ तसाच. पुरचुंडीचं फडकं मात्र नीट घडी घालून ठेवलेलं, त्यात एक खडा शिल्लक नव्हता. त्यानं सगळं मीठ लावून संपवलं होतं. आयनं ते फडकं बाबांच्या अंगावर फेकलं आणि जी किंकाळी फोडली ती ऐकून आगरावरची माणसं धावत आली. पुढे कितीतरी महिने ती बाबांशी बोलली नाही. ताट वाढायची, पण त्यांच्यासमोर ठेवायला मला सांगायची. बाबा आगरावर जायचे, यायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. मिठाच्या ढिगाजवळून जाताना मान वळवायचे.

पुन्हा भरती झाली. नेऱ्याचा एक पोरगा देवाला नारळ देऊन ओट्यावर आला. त्याला कोणी काही सांगितलेलं नसावं, किंवा त्याला वाटलं असेल, रीत आहे, गेलंच पाहिजे. बाबा आतून उठलेच नाहीत. मी त्याला घालवून द्यायला निघाले तर आय चुलीपासून उठून बाहेर आली. त्याच्यासमोर बसली. पनवेलच्या पलीकडे कधी न गेलेली बाई, फौजेचं काय सांगणार ही?

"दुखलं तर बोंबल," आय म्हणाली. "समजलास? पाय दुखू दे, पोट दुखू दे, बोंबलायचं. ती रांग असते ना आजाऱ्यांची, तिथं जाऊन उभं ऱ्हायाचं."

पोरगा गोंधळला. "पन काकी, समदे हसतात म्हनं."

"हसू दे मेल्यांना. हसतील आनि इसरतील. तू घरी ये म्हंजे झालं. आनि कार्डावर खरं लिव. तुझ्या आयला खोटं लिवलंस तर याद राख."

तेवढ्यात बाबा दारात आले. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता ओरडणार. ते त्या पोरासमोर खाली, जमिनीवर बसले. हवालदार माणूस, आजवर कुणासमोर खाली बसलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि टाचेला अंगठ्यानं दाबू लागले.

"दुखतंय?"

"नाय काका," पोरगा ताठ बसून म्हणाला. फौजेत जाणारा पोरगा, तो दुसरं काय म्हणणार?

बाबांनी आणखी जोरात दाबलं. "आता?"

"नाय, काका."

"नाय म्हनू नको रे." बाबांचा आवाज फाटला. "बापाशी नाय म्हनू नको. होय म्हन. एकदा तरी होय म्हन."

पोरगा घाबरून माझ्याकडे पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "होय काका. दुखतंय."

बाबांनी त्या परक्या पोराचा पाय छातीशी धरला आणि मोठ्यानं रडू लागले. आय उठून त्यांच्याजवळ गेली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. म्हणाली, "सोडा आता त्याला. एसटी चुकंल त्याची."