डोक्यावरचं ओझं खाली आलं

आमच्या वाकोल्याच्या चाळीत भिंत असून नसल्यासारखी. पलीकडं सरूबाई मासेवाली लेकीवर ओरडली की इकडं माझ्या बशीतला चहा हलायचा. एक भांडण तर अजून कानात आहे.

"पाटी डोक्यावर घे नि चल बाजारात!"

"नाय घेत. मी साकीनाक्याला फोर्कलिफ्ट शिकणार."

"ते आणि काय?"

"ओझं उचलायची गाडी, आये."

"मग ही पाटी काय झोपा काढते, मेल्ये?"

सरूबाईची लेक वनमाला साकीनाक्याच्या गोदामात शिकायला गेलीच. आणि पहिल्याच दिवशी वाट लागली. यांच्या घरात ओझं म्हणजे डोक्यावर. हिनंही गाडीच्या पुढच्या काट्यांवर पेटी उचलली ती पार डोक्याच्या वर नेली आणि तशीच गर्रकन वळली. एका बाजूचं चाक जमिनीवरून सुटलं! गोदामाच्या सहदेव सुपरवायझरनं चावीच काढून घेतली. "ओझं जितकं उंच, तितकी गाडी लवकर कलंडते. सोमवारी भरली गाडी उतारावरून खाली आणून दाखव, नाहीतर घरी बस."

तोवर सहदेव समोर उभा राहून चावी देई, तेवढा वेळ ती रिकाम्या गाडीवर शिकत राहिली. मला सांगायची, "आजी, पेटी रांगत्या पोरासारखी न्यायची. जमिनीपासून वीतभर वर, नि जरा मागं रेलून."

म्हटलं, "लग्नाआधीच पोरं सांभाळायला लागलीस की गं!"

सोमवारी मी आणि सरूबाई गोदामाच्या फाटकाशी. ही रागावलेली, पण आलेली. वनमालानं मशीनची भली मोठी पेटी उचलली, खाली घेतली, मागं झुकवली. आणि उताराशी येऊन गाडी उलटीच फिरवली!

"अगो, पाठमोरी कुठं चाललीस?" सरूबाई किंचाळली.

"मावशी, तसंच पायजे," सहदेव म्हणाला. "ओझं चढाकडं ठेवायचं. तोंड उताराकडं केलं तर पेटी घसरेल, मागोमाग गाडी."

सरूबाईनं उताराकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे होडीची शिडी उतरतो तशी. सांगायचं ना मग!"

वनमाला मान मागं वळवून, सावकाश, कुठंही न वळता खाली आली. पेटी जागची हलली नाही. हमालांनी शिट्ट्या मारल्या. सगळ्यात मोठी शिट्टी सरूबाईची. सहदेवनं चावी वनमालाच्या हातात ठेवली ती आजतागायत तिच्याकडंच आहे.

आता संध्याकाळी ती गाडीचे काटे जमिनीला टेकवते, ब्रेक ओढते, चावी कमरेला खोचते. मग बाजारात जाते. आईची रिकामी पाटी उचलते, आणि डोक्यावर ठेवून घरी आणते. कालही आणली.